वारज्याचं हिरवं पाणी आणि ते पाहणारी माणसं

खडकवासल्याच्या भिंतीपासून वारज्यातल्या महामार्गाच्या पुलापर्यंत मुठा फार लांब वाहत नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या आत काठाकाठानं चालत पोचता येईल, एवढंच अंतर. तेवढ्यात तिचं पाणी पार बदलून जातं. धरणाच्या बाजूचा एखादा दगड ब्रशनं घासला आणि ते पाणी काचपट्टीवर घेतलं, तर सोनेरी-तपकिरी रंगाचे लांबट, रेखीव डायटम, म्हणजे काचेसारख्या शरीराची एकपेशी शैवालं, दिसतात. वारज्याच्या पुलाखालचा दगड तसाच घासला, तर काळपट हिरव्या ऑसिलेटोरियाच्या सावकाश डुलणाऱ्या दोऱ्या दिसतात आणि त्यांच्यातून वाट काढत पळणारे युग्लिना.

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्तीनंतर मी वारज्यात नदीच्या अंगाला राहते. पुण्याच्या पाण्याचा इतिहास मी पुष्कळ वाचला आहे. त्यात पेशव्यांचे हौद असतात, खडकवासल्याचं धरण असतं, पानशेतचा पूर असतो. पाण्यात राहणाऱ्यांना मात्र त्यात कधी जागा मिळालेली दिसत नाही. माझं म्हणणं असं आहे, की नदी पूर्वी काय होती आणि आता काय झाली याचे सर्वांत भरवशाचे साक्षीदार हे डोळ्यांना न दिसणारे जीवच आहेत. त्यांची साक्ष लिहून ठेवणारी माणसं आपल्या या भागात पावणेदोनशे वर्षांपासून होऊन गेली. त्यांच्याविषयी आपण फार कमी बोललो.

माझ्या सासूबाई माहेरच्याही वारज्याच्याच. त्यांच्या लहानपणी वारजे म्हणजे नदीकाठचं शेतकऱ्यांचं गाव. पुणे शहर तिथून लांब होतं. एकदा त्यांना सूक्ष्मदर्शकातून स्पायरोगायरा दाखवली. हिरव्या दोरीच्या आत फिरत गेलेली हिरवी पट्टी त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "हे कशातलं गं?"

"गोंडाळ आहे, सासूबाई. तळ्यातलं."

"हे होय! उन्हाळ्यात डोहात असंच माजायचं की. हातानं बाजूला सारायचं आणि घागर बुडवायची. खाली पाणी निवळशंख."

"आणि दगडांवरचं बुळबुळीत?"

"त्याच्यावर पाय पडला की गेलीच बाई. पण मासे तिथंच चरायला यायचे, म्हणून पोरं गळ घेऊन तिथंच बसायची."

सासूबाईंना शाळा फारशी मिळाली नाही, पण या चार वाक्यांत मला एका नदीचं नीट वर्णन मिळालं. संथ आणि स्वच्छ पाणी, तळापर्यंत पोचणारं ऊन, त्यात दोरीसारखी वाढणारी हिरवी शैवालं, दगडावर डायटमचा पातळ थर, आणि त्या थरावर चरणारे मासे. गाईला जसं कुरण, तसा माशांना तो थर. नदीतल्या अन्नसाखळीची सुरुवात तिथं होते. डोहातलं गोंडाळ म्हणजे घाण, असा आज आपला समज आहे. सासूबाईंच्या पिढीनं मात्र ते बाजूला सारून खालचं पाणी घरी नेलं आणि त्यात काही वावगं नव्हतं. स्पायरोगायराला उजेड लागतो आणि तिच्या खालचं पाणी बहुतेक वेळा पारदर्शकच असतं. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकनं १६७४ साली आपल्या गावाजवळच्या सरोवराच्या पाण्यात हिरव्या, मळसूत्री पट्ट्यांचे धागे पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवले. ती बहुधा हीच.

पुणेकरांनी पाणी उजेडापासून दूर ठेवूनही पाहिलं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेलं पाणी दगडी बांधणीच्या बंदिस्त नळातून यायचं. नळावर ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास होते, पण आतला मार्ग अंधारा. अंधारात शैवाल वाढत नाही. शनिवारवाड्याच्या आणि पेठांमधल्या उघड्या हौदांत पाणी येऊन पडलं, की मात्र ते हिरवं व्हायला सुरुवात होणार. म्हणून हौद उपसणं आणि घासणं हे काम पेठांच्या आयुष्याचा भागच होतं.

मुठेचं स्वरूप पहिल्यांदा बदललं ते खडकवासल्याच्या धरणानं. इंग्रज अभियंता फाइफ याच्या देखरेखीखाली हे काम झालं आणि १८७९ च्या सुमारास धरण पुरं झालं. पुढं बराच काळ त्या जलाशयाला फाइफ तलाव असंच म्हणत. धरणातून दोन कालवे निघाले. उजवा पुणे शहराच्या दक्षिणेकडून पूर्वेकडे गेला. डावा आमच्या बाजूनं, वारजे आणि आताचं कर्वेनगर असा. तो आता वाहत नाही, पण कर्वेनगरात कॅनॉल रोड नावाचा रस्ता आहे. तिथल्या तरुण रहिवाशांपैकी पुष्कळांना इथं खरंच कालवा होता हे ठाऊक नसतं.

धरण बांधलं की वाहत्या नदीचं तळं होतं आणि पाण्यातली वस्तीही बदलते. वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणाऱ्यांचं राज्य असतं. साठलेल्या पाण्यात तरंगणाऱ्यांना संधी मिळते. धरणाच्या खाली तर नदीला पाणीच मोजून मिळतं. आता पावसाळ्यात धरण भरलं की मुठेत पाणी सोडतात, बाकीचं वर्ष धरणातलं पाणी कालव्यांतून आणि नळांतून जातं. शहर ते पितं, वापरतं आणि मग त्यातलं पुष्कळसं सांडपाणी होऊन नदीत येतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्यानं खडकवासल्याची भिंतही गेली. पुण्याच्या स्मृतीत तो दिवस कायमचा कोरला गेला. नदीच्या आतल्या जीवसृष्टीच्या दृष्टीनं मात्र त्यानंतरची दशकं जास्त निर्णायक ठरली. धरण पुन्हा उभं राहिलं, पानशेत पुन्हा बांधलं, मग वरसगाव आणि टेमघरही झालं. शहर वाढलं आणि सांडपाणीही वाढलं. वारजे १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलं, तोवर डोहातलं निवळशंख पाणी केवळ आठवणीत उरलं होतं.

आता पाण्यातल्या जीवांची साक्ष लिहून ठेवणाऱ्या त्या माणसांकडे वळते. त्यांच्यापैकी ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो पुण्यातला नव्हे, मुंबईतला. हेन्री जॉन कार्टर, जन्म १८१३. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत शल्यवैद्य म्हणून तो मुंबईला आला. १८४४ ते १८४६ या काळात 'पॅलिन्युरस' जहाजावरून त्यानं अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी केली. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा तो मानद सचिव होता. भूशास्त्रात त्याचं नाव होतं. पण या साऱ्या व्यापातून वेळ काढून तो मुंबई बेटावरच्या तळ्यांतलं पाणी घरी आणायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. १८४९ मध्ये त्यानं मुंबईच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर लिहिलं. १८५६ मध्ये 'मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातले इन्फ्युझोरिया' या विषयावरच्या त्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. तेव्हा अशा साऱ्या सूक्ष्म, पोहणाऱ्या जीवांना इन्फ्युझोरिया म्हणत.

१८५८ मध्ये त्यानं आणखी एक गोष्ट लिहिली. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी अधूनमधून लाल होतं. कार्टरनं ते पाणी तपासलं, लाल रंग कोणाचा हे शोधलं आणि त्या जीवाचं नाव ठेवलं पेरिडिनियम सँग्विनियम. हा एक डायनोफ्लॅजेलेट. दोन चाबूक असलेला एकपेशी जीव. आज आपण ज्याला रेड टाइड म्हणतो त्याची शास्त्रीय भाषेतली ही एक फार जुनी नोंद आहे, आणि ती मुंबईची आहे.

पण कार्टरचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांत रोज घेतलं जातं ते व्हॉल्व्हॉक्समुळे. व्हॉल्व्हॉक्स म्हणजे हिरव्या पेशींचा पोकळ गोळा, साध्या डोळ्यांनाही ठिपक्याएवढा दिसेल असा. त्याच्या पृष्ठभागावर दोनेक हजार छोट्या पेशी असतात, प्रत्येकीला दोन चाबूक. सगळ्या मिळून गोळा फिरवत पोहतात. आतल्या बाजूला मोजक्या मोठ्या पेशी असतात, त्यांचं काम फक्त नवे गोळे तयार करणं. पोहणाऱ्या पेशी प्रजनन करत नाहीत, प्रजनन करणाऱ्या पोहत नाहीत. शरीर आणि बीज यांची ही वाटणी एवढ्या साध्या जीवात इतकी स्पष्ट दिसते, याचं मला अजून नवल वाटतं. १८५९ मध्ये कार्टरनं व्हॉल्व्हॉक्समधलं फलन आणि दोन जातींमधले फरक यांवर लेख लिहिला. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पुढं १८७८ मध्ये स्टाइन या शास्त्रज्ञानं कार्टरनं मुंबईत पाहिलेल्या जातीला त्याचंच नाव दिलं: व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी. मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार यांना भारतीय शैवालशास्त्राचे जनक म्हणतात. त्यांनी या जातीचा 'नागरिएन्सिस' हा प्रकार वेगळा काढला. एकपेशी जीवांपासून अनेकपेशी जीव कसे झाले असावेत, या प्रश्नावर काम करणारे लोक आज याच प्रकारावर प्रयोग करतात. २०१० साली त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला. एकाच पेशीचा त्याचा नातेवाईक क्लॅमिडोमोनस आणि हा दोन हजार पेशींचा व्हॉल्व्हॉक्स, दोघांकडे जनुकांची संख्या जवळपास सारखीच निघाली, सुमारे साडेचौदा हजार. शरीर उभं करायला नवा माल फारसा लागला नाही, जुन्याच मालाची नवी मांडणी पुरली.

मुंबईच्या ज्या तळ्यांवर कार्टर जायचा त्यांचं काय झालं? १८६० मध्ये विहारचं पाणी नळानं मुंबईला आलं आणि शहरातल्या तळ्यांची गरज संपली. एकेक करून ती बुजवली गेली. गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबी तलाव ही नावं उरली, पाणी उरलं नाही. कार्टर १८६२ मध्ये सेवा संपवून इंग्लंडला आपल्या गावी गेला. म्हणजे मुंबईची तळी अजून जिवंत असताना एक माणूस त्यांच्या काठाशी बसून लिहीत होता. तो नसता तर त्या पाण्यात कोण राहत होतं हे आज सांगताच आलं नसतं. वारज्याच्या डोहांना असा कोणी मिळाला नाही, ही खंत मला राहते.

कार्टरच्या काळात एक वाद जोरात होता: हे जीव प्राणी की वनस्पती? युग्लिना हिरवा आहे, उन्हात अन्न बनवतो, पण डोळ्यासारखा लाल ठिपका घेऊन पोहतोही. कनिष्ठ महाविद्यालयात माझ्या विद्यार्थ्यांना तो प्राणिशास्त्रातही भेटायचा आणि वनस्पतिशास्त्रातही. १८६६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यानं अशा साऱ्यांसाठी प्रोटिस्टा असं तिसरं घर काढलं. खरं सांगायचं तर ते घर म्हणजे उरलेल्यांची मोट होती. ज्यांच्या पेशीत केंद्रक आहे, पण जे प्राणी नाहीत, वनस्पती नाहीत, बुरशी नाहीत, ते सगळे प्रोटिस्ट. आता जनुकांवरून नाती लावता येतात तेव्हा कळतं, की या मोटेतल्या कित्येकांचं एकमेकांशी असलेलं नातं माणूस आणि बुरशी यांच्यातल्या नात्याहूनही दूरचं आहे. जीवसृष्टीच्या केंद्रकधारी शाखेतली बहुतेक विविधता या लहानग्यांतच आहे. झाडं आणि प्राणी या त्यातल्या दोन ठळक डहाळ्या, इतकंच.

हिरवेपणा त्यांच्यात कसा आला ही कथा मी वर्गात सांगायची तेव्हा मागच्या बाकांवरही शांतता पसरायची. एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीनं एका हिरव्या-निळ्या जीवाणूला गिळलं आणि पचवलं नाही. तो आतच राहिला, उन्हात साखर बनवत राहिला आणि त्याचं हरितलवक झालं. सगळी हिरवी आणि लाल शैवालं त्या घरातली. पुढं दुसऱ्या पेशींनी या शैवालांनाच अख्खं गिळलं. युग्लिनाच्या पूर्वजानं हिरवं शैवाल गिळलं. डायटमच्या पूर्वजानं लाल शैवालाकडून आपलं लवक मिळवलं. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ही कल्पना नव्या पुराव्यांनिशी मांडली, तेव्हा त्यांना बरेच दिवस कोणी ऐकून घेतलं नाही.

या कथेचं एक टोक आपल्या घरापर्यंत येतं. हिवतापाचा परोपजीवी प्लास्मोडियम हा प्रोटिस्टच. १९९६ मध्ये असं दाखवलं गेलं, की त्याच्या पेशीत लवकाचा एक अवशेष आहे. प्रकाशाशी त्याचा काही संबंध उरलेला नाही, रंगही नाही, पण तो आहे आणि त्याच्याशिवाय प्लास्मोडियम जगत नाही. लाल रक्तपेशीत शिरून माणसाला थंडी वाजवणारा हा जीव एका शैवालधारी पूर्वजाचा वंशज आहे. डॉक्सिसायक्लिनसारखं जीवाणूविरोधी औषध हिवतापावर चालतं, त्याचं कारणही या अवशेषात सापडतं. लवक मुळात जीवाणूच होतं. पावसाळ्यानंतर वारज्याच्या नाल्याकाठी डासांविरुद्ध फवारणी होते तेव्हा मला या लांबच्या घराण्याची आठवण होते.

मुंबईनंतर ही नोंदीची परंपरा महाराष्ट्रात पुन्हा नेटानं दिसते ती कोल्हापूरकडे. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी हे डायटमचे अभ्यासक. १९५८ मध्ये त्यांनी कोल्हापूर आणि परिसरातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवर लिहिलं, १९५९ मध्ये पन्हाळगडावरच्या. पन्हाळा म्हटलं की आपल्याला सिद्दी जौहरचा वेढा आठवतो. त्याच गडावरच्या तळ्यांत आणि झिरपणाऱ्या पाण्यात एक माणूस सूक्ष्म काचेची शरीरं शोधत होता, ती हातानं चितारत होता आणि त्यांतल्या नव्या जातींना नावं देत होता. मुंबई-साष्टी, धारवाडजवळचं मुगद, जोग धबधबा, गुजरात असा त्यांचा पल्ला होता. १९९८ मध्ये मध्य गुजरातच्या डायटमवरचा त्यांचा ग्रंथ आला. त्यांच्या चित्रांतल्या रेषा पाहिल्या की कळतं, की एकेका डायटमवर त्यांनी किती वेळ नजर लावली असेल. त्याच काळात एन. डी. कामत यांनीही महाबळेश्वर आणि कोल्हापूर इथल्या शैवालांच्या याद्या केल्या. कोल्हापूरची यादी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली.

डायटमच्या नोंदीला वेगळं मोल आहे. त्याचं शरीर सिलिकाचं असतं, म्हणजे काचेचंच, आणि दोन भागांत, एकावर दुसरं अलगद बसलेलं. आम्ल टाकून उकळलं तर आतलं सारं जळून जातं आणि काच तेवढी राहते. तिच्यावरच्या नक्षीवरून जात ओळखतात. तयार केलेली पट्टी शंभर वर्षांनीही वाचता येते. तळ्याच्या गाळात डायटम थरावर थर बसत जातात, त्यावरून पाणी कधी गोडं होतं, कधी खारं झालं, कधी घाण झालं, हे कळतं. पाण्यात सापडलेल्या मृतदेहाच्या अस्थिमज्जेत डायटम सापडले तर माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता का, याचा अंदाज घ्यायला न्यायवैद्यक त्यांचा आधार घेतात.

पुण्यात आज डायटमचं काम चालतं ते आघारकर संशोधन संस्थेत. ही संस्था १९४६ मध्ये महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या नावानं सुरू झाली. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तिचे संस्थापक संचालक. तरुणपणी त्यांनीच पश्चिम घाटात कोयनेच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला होता, ज्याचं वर्णन पुढं ॲनंडेल यांनी केलं. घाटातल्या पाण्यात वाकून पाहण्याची सवय या संस्थेच्या मुळातच आहे असं मला वाटतं. गांधींनी नाव दिलेल्या डायटमची आता नव्यानं तपासणी होते, त्यांच्या जागा पुन्हा शोधल्या जातात. घाटाच्या पूर्व उतारावरचे झरे आणि कातळावरची डबकी यांत अजूनही नव्या जाती मिळतात. मुठेचा उगमही त्याच घाटातला.

आता मुठेवर येते. १९८१ मध्ये पुणे विद्यापीठातले व्ही. आर. गुणाले आणि एम. एस. बालकृष्णन यांनी पुण्यातून वाहणाऱ्या पवना, मुळा आणि मुठा या तीन नद्यांमधल्या अतिपोषणाचं जैविक परीक्षण प्रसिद्ध केलं. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो, शेवाळाला नको इतकं खाद्य मिळतं आणि पाणी माजतं, ते अतिपोषण. रासायनिक परीक्षा त्या क्षणीचं पाणी सांगते. कारखान्यानं रात्री काही सोडलं आणि सकाळी ते वाहून गेलं तर परीक्षानळीला पत्ता लागत नाही. दगडावरचं शेवाळ मात्र आठवडे-महिने तिथंच असतं, जे गेलं ते सारं त्यानं सोसलेलं असतं. मुठेच्या इतिहासात पानशेतच्या पुरावर जेवढं लिहिलं गेलं त्याच्या एका शतांशानंही या शोधनिबंधाकडे लक्ष गेलेलं नाही. मला तो शहराच्या दफ्तरातला मोलाचा कागद वाटतो.

असं परीक्षण करायची एक सोपी रीत अमेरिकेच्या सी. मर्व्हिन पामर यांनी १९६९ मध्ये घालून दिली. सेंद्रिय घाण सोसणाऱ्या वीस प्रजातींना त्यांनी एक ते पाच गुण दिले. नमुन्यात पुरेशा संख्येनं सापडलेल्या प्रजातींचे गुण मिळवायचे. वीस किंवा अधिक झाले तर पाण्यात सेंद्रिय घाण भरपूर आहे असं समजायचं. वारज्याच्या पुलाखालच्या पाण्यात उन्हाळ्यात जे हमखास दिसतात त्यांचे गुण असे: युग्लिना पाच, ऑसिलेटोरिया पाच, सिनेडेस्मस चार, निट्झशिया तीन, नॅव्हिक्युला तीन. बेरीज वीस. इतर काही न शोधताच उंबरठा गाठला जातो. ऑसिलेटोरिया खरं तर जीवाणूंच्या घराण्यातली, पण शैवाल पाहणारे तिला आपल्या यादीत ठेवतात, कारण नदीत ती शैवालाचंच काम करते. पावसाळ्यात धरणातून पाणी सुटलं की हा आकडा खाली येतो. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा चढायला लागतो.

नदी घाण करणाऱ्या शहराला ती साफ करायलाही प्रोटिस्टच लागतात, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून पुण्यासाठी जो नदी स्वच्छता प्रकल्प आखला त्यात सांडपाणी शुद्धीकरणाची ११ केंद्रं आहेत, एकूण क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. त्यातलं एक वारज्याचं, २८ दशलक्ष लिटरचं. अशा केंद्रांत सांडपाण्यात हवा सोडून जीवाणूंची वाढ करतात, ते घाण खातात. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरला आली. पण जीवाणू वाढले आणि तसेच तरंगत राहिले तर पाणी गढूळच राहणार. त्यांना खाऊन पाणी नितळ करणारे असतात ते रोमक प्रोटिस्ट. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये कर्ड्स आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगानं दाखवलं. प्रोटिस्ट नसलेल्या टाकीतून गढूळ पाणी बाहेर पडलं, ते सोडल्यावर निवळलं. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका केंद्रात रसायनतज्ज्ञ आहे. रोज सकाळी टाकीतल्या गाळाचा थेंब तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. मी विचारलं, "आधी काय शोधतोस?" तर म्हणाला, "व्हॉर्टिसेला, मॅडम. देठावरच्या घंटा दाटीनं दिसल्या की दिवस चांगला जाणार. नुसते चाबूकवाले पळताना दिसले की समजायचं, टाकी अजून जमलेली नाही." वारज्यातच महापालिकेचं पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण केंद्रही आहे. तिथं मात्र हेच जीव नकोसे पाहुणे. धरणात डायटम वाढले की वाळूच्या गाळण्या लवकर तुंबतात, आणि काही निळी-हिरवी शैवालं पाण्याला मातीचा वास देतात. एकाच उपनगरातल्या दोन केंद्रांत एका ठिकाणी ते कामगार, दुसऱ्या ठिकाणी डोकेदुखी.

मुठेचं पाणी वारज्यात थांबत नाही. संगमावर ते मुळेला मिळतं, रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेत जाते, आणि पुढं उजनीचा जलाशय लागतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या पाण्यात पुण्या-पिंपरीच्या सांडपाण्याचं खत उतरतं. उन्हाळ्यात तिथं पाणी हिरवं होतं, मायक्रोसिस्टिससारख्या निळ्या-हिरव्या शैवालांची साय येते. भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे पाहायला पुणेकर गाड्या काढून जातात. ते पक्षी त्या गढूळ, सुपीक पाण्यातले बारीक जीव गाळून खातात. त्याच जलाशयातून सोलापूर पितं. पुण्यानं जे सोडलं ते सोलापूरच्या ताटात जातं, आणि या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर शेवाळाची यादी सांगते की किती सोडलं.

पुढं कृष्णेतून ते बंगालच्या उपसागराला मिळतं. पृथ्वीवर प्रकाशाच्या बळावर जेवढं अन्न तयार होतं त्यातला सुमारे अर्धा वाटा समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांचा आहे. एकट्या डायटमचा वाटा सुमारे पाचवा धरतात. आपल्या अरबी समुद्रात गेल्या पंचवीसेक वर्षांत हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युकाची वाढ दिसू लागली आहे. हा एक मोठा डायनोफ्लॅजेलेट, आत जिवंत हिरव्या शैवालांना सांभाळणारा आणि बाहेरून डायटमही गिळणारा. पूर्वी जिथं हिवाळ्यात डायटमचं राज्य होतं तिथं आता हा पसरतो. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या लाटा चमकताना पाहून लोक हरखतात, त्या चमकीत नॉक्टिल्युकाचा मोठा हात असतो. डायटम खाणाऱ्या बारीक कोळंबीवजा जीवांवर आणि त्यांच्यामागून माशांवर याचा काय परिणाम होईल, हा मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न आहे.

गेली काही वर्षं काही जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन मी शिवणे, वारज्याचा महामार्गाचा पूल आणि विठ्ठलवाडी अशा तीन ठिकाणी नदीचे नमुने घेते. दगड तोच, ब्रश तोच. एका बाटलीत नमुना टिकवायला लुगोलचं आयोडीन, वर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: जागा, तारीख, वेळ, पाण्याचा रंग, धरणातून पाणी सुटलं होतं की नाही. डायटमच्या पट्ट्या कायम ठेवायच्या, बाकीचे जिवंत असतानाच पाहून मोजायचे. मुलांना मी गांधींची चित्रं दाखवते आणि म्हणते, फोटो काढा, पण एकदा हातानंही काढा, म्हणजे रेषा मोजाव्या लागतात. एप्रिलमध्ये विठ्ठलवाडीला पामरचा आकडा वारज्यापेक्षा चढा येतो, शिवण्याला उतरता. ऑक्टोबरमध्ये तिन्ही जवळ येतात. शिवण्याच्या वरच्या अंगाला, कोपरे गावाजवळच्या एका खडकाळ पट्ट्यात, आम्हाला अजून स्पायरोगायरा मिळते, आणि तिथल्या दगडांवर बारीक मासे चरताना दिसतात. ती जागा पुढच्या वर्षीपासून चौथं ठिकाण म्हणून यादीत घेतली आहे.